'मगवंप' : एका शिवीचा इतिहास

मत वा पक्ष बदलणाऱ्याला हिणवण्यासाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. त्यांपैकी 'मगवंप' या अमेरिकन शब्दाचा इतिहास राजकीय कार्यकर्त्याने आवर्जून ध्यानी घ्यावा असा आहे.

हा शब्द मुळात इंग्रजी नव्हेच. तो उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट या आदिवासी जमातीच्या भाषेतला. अर्थ युद्धनायक, सरदार. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने त्या भाषेत केलेले बायबलचे भाषांतर १६६३ साली छापले गेले. त्यातही तो सरदार याच अर्थाने येतो. पुढे त्या लोकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांचा हा मानाचा शब्द गोऱ्यांच्या तोंडी 'स्वतःला फार मोठा समजणारा' अशा थट्टेच्या अर्थाने उरला.

१८८४ साली त्याला राजकीय अर्थ चिकटला. रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी जेम्स ब्लेन यांना उमेदवारी दिली. रेल्वे कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांवरून त्यांच्यावर गंभीर आरोप झाले होते. कार्ल शुर्झ, जॉर्ज विल्यम कर्टिस आदी जुन्या रिपब्लिकनांनी त्यांना साथ नाकारली व डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला. तेच 'मगवंप' ठरले. क्लीव्हलँड यांनी न्यूयॉर्क राज्य अवघ्या हजार-अकराशे मतांनी जिंकले आणि त्यावरच अध्यक्षपदाचा निकाल लागला.

आता प्रश्न असा, की मत बदलले कोणी? सरकारी नोकऱ्या पक्षकार्याचे बक्षीस म्हणून वाटल्या जाऊ नयेत, सार्वजनिक जीवन स्वच्छ असावे, ही शुर्झ यांची मागणी जुनीच होती. त्यांचे मत तेच राहिले. मतदान तेवढे बदलले.

म्हणून या मंडळींची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. त्यांच्यातील प्रमुख संपादक ई. एल. गॉडकिन हे कामगार संघटनांचे कट्टर विरोधक होते. पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार त्यांना दिसला, मजुरांची पिळवणूक दिसली नाही.

तरीही या शब्दाने दिलेला धडा खरा आहे. पक्षयंत्रणा तत्त्वनिष्ठाला आणि संधिसाधूला एकच शिवी देते. कार्यकर्त्याने ती उच्चारण्यापूर्वी विचारावे : याने तत्त्व सोडले, की तत्त्व सोडणाऱ्यांची संगत सोडली? आणि त्या बदल्यात याच्या पदरात काय पडले? या चौकशीवाचून जी निष्ठा मागितली जाते, ती विचारावरची नसून पुढाऱ्यांवरची असते.