बिनतारी इअरबडचा आवाज कसा पारखावा

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. बद्द वाजले की कुठेतरी तडा आहे असे समजावे आणि दुसऱ्याला हात घालावा. कानाच्या भरवशावर पारख करण्याची ही आपली जुनी रीत. पण जी वस्तू कानातच बसवून ऐकायची, ती घेताना हाच कान आपल्याला चांगला चकवतो. आज बोलायचे आहे ते अशा वस्तूविषयी, म्हणजे बिनतारी इअरबडविषयी.

मोबाईलच्या दुकानात काचेखाली ओळीने मांडलेल्या छोट्या डब्या तुम्ही पाहिल्या असतील. डबी उघडली की आत दोन बड, एक डाव्या कानाचा, एक उजव्या. मोबाईलपर्यंत तार नाही आणि दोघांना एकमेकांशी जोडणारीही नाही. ॲपल कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात आपले एअरपॉड विक्रीस आणले आणि त्यानंतर ही वस्तू झपाट्याने पसरली. आता हजार-दीड हजारापासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत त्या मिळतात. मुले त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ ऐकतात, गुरुजी आणि बाई प्रशिक्षणाचे वर्ग ऐकतात, भजनी मंडळी चाली ऐकतात. तेव्हा दोन जोड्या समोर आल्या तर त्यांतली चांगली कोणती, हे ठरवायचे कसे?

दुकानात काय होते पाहा. दुकानदार एक जोडी आपल्या कानात घालायला देतो आणि ढोल-ताशाचे एखादे दणकेबाज गाणे लावतो. मग तेच गाणे दुसऱ्या जोडीवर. आपण लगेच म्हणतो, “ही दुसरी भारी वाजते हो!” पुष्कळदा ती चांगली वाजत नसते, नुसती जरा मोठ्याने वाजत असते. मोबाईलवरची आवाजाची पट्टी दोन्ही वेळा एकाच खुणेवर असली, तरी प्रत्येक बड त्या खुणेला सारखाच मोठा वाजेल असे नाही. आवाज मोजण्याचे माप डेसिबल. एक-दोन डेसिबलचा फरक पडला तर तो आपल्याला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. गंमत आहे ती इथे.

याचे एक कारण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखविले. आवाज हळू झाला की आपल्या कानाला खर्जाचे स्वर इतर स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे तोच पखवाज तोच हात, पण हळू वाजवला की त्याची धुमी जणू निघून जाते. साहजिकच हळू वाजणारा बड बिचारा किरटा वाटतो, आणि मोठ्याने वाजणारा भरदार.

म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा. मोबाईलवर तंबोऱ्याचे ॲप फुकट मिळते. तंबोरा लावून ठेवावा, आधी एक जोडी ऐकावी, मग दुसरी, आणि दोन्हींवर तो सारखाच मोठा वाटेपर्यंत पट्टी मागेपुढे करावी. प्रत्येक जोडीची खूण लक्षात ठेवावी. मग डोळे मिटावेत आणि बरोबरच्या माणसाला सांगावे, “कोणती जोडी ते न सांगता माझ्या हातात दे.” हे डोळे मिटणे पोरखेळ वाटेल, पण नाही. टूल आणि ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ साली लाउडस्पीकरच्या बाबतीत दाखवून दिले, की समोर वस्तू दिसत असली की ऐकणाऱ्यांचे गुण देणे बदलते. जाणकार म्हणवणारेही त्यातून सुटले नाहीत. किंमत आणि नाव दिसले, की कान डोळ्यांचे ऐकू लागतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते बाकी सगळ्यांहून मोठी. बड कानात नीट बसला आहे का? पुष्कळशा बडांच्या टोकाला मऊ रबर असते आणि डबीबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे मिळतात. बहुतेक लोक मध्यम माप लागलेले येते तेच वर्षभर वापरतात. रबर आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खर्ज तिथून निसटतो, बंधाऱ्याला भोक पडल्यासारखा. मग पाच हजारांचा बड पाचशेच्या बडासारखा वाजतो आणि दोष कंपनीला लागतो. बसला आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण सांगतो. दोन्ही बड घालावेत, गाणे बंद ठेवावे आणि तोंड मिटून ‘हूं’ असा हुंकार द्यावा. आपलाच आवाज डोक्यात भरून घुमल्यासारखा वाटला, तर रबर घट्ट बसले. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या बाजूचे माप बदलावे. दोन कानांची मापे वेगळी असू शकतात बरं का, त्यात नवल नाही. काही बडांना रबरच नसते; ते कानाच्या पाळीत नुसते टेकतात. त्यांत खर्ज कमीच मिळणार. पण बाहेरचे ऐकू येत राहते, आणि रस्त्याने चालणाऱ्याला तेच बरे.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी इथे वर्गातली अनुनाद नळी आठवावी. आपला कर्णमार्ग ही तशीच एका टोकाला बंद असलेली नळी, सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. सेकंदाला अडीच-तीन हजार कंपनांच्या आसपासचे स्वर ती आपोआप उचलून धरते. बडाने तोंड बुजवले की हा अनुनाद बदलतो, आणि गेलेली भर कारखान्यात पुन्हा घालावी लागते. ती कोण किती घालतो, यात दोन कंपन्यांचा खरा फरक असतो. जास्त झाली तर आवाज टोचतो, कमी झाली तर गायक पडद्याआड बसून गातो आहे असे वाटते.

ऐकायचे काय? मी तरी अभंग सुचवीन. पंडित भीमसेन जोशींचा चांगला ध्वनिमुद्रित झालेला एखादा अभंग घ्यावा. त्यात खाली पखवाज आहे, वर टाळ आहेत, मध्ये ओळखीचा कंठ आहे. सगळे शिवार एकाच फेरीत पाहून होते. पखवाजाची थाप पडून संपते का, की नुसती गुंगत राहून शब्दांवर पसरते? टाळ वाजून त्यांची किणकिण हळूहळू विरते का, की ‘स्स’ असा एकच आवाज उरतो? साथीचे गायक वेगवेगळे ओळखू येतात का? जुन्या तबकडीवरचे गाणे मात्र या परीक्षेला घेऊ नये, आणि आमची मध्यम लहरींची केंद्रेही नकोत. मध्यम लहरींवर पाच हजार कंपनांच्या पलीकडचे फारसे काही पोचतच नाही, एफ. एम.वर पंधरा हजारांपर्यंत पोचते.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांत फार गुंतू नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते. पाणी कोणत्या वाफ्यापर्यंत पोचते ते कळत नाही. तसेच हे. पडदा दहा मिलिमीटरचा की तेराचा, यावरूनही काही ठरत नाही. एसबीसी, एएसी, एलडीएसी ही नावे म्हणजे मोबाईलकडून बडाकडे आवाज बांधून पाठवण्याच्या पद्धती. कॉम्पॅक्ट डिस्कवरचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतो, एसबीसी त्याचे गाठोडे साधारण ३२८ पर्यंत आवळते, एलडीएसी जास्तीत जास्त ९९० नेते. पण ती पद्धत मोबाईल आणि बड दोघांनाही यावी लागते. आणि रबर सैल असेल तर गाठोडे कितीही मोठे पाठवा, उपयोग नाही.

एक तक्रार शिक्षकांकडून नेहमी ऐकू येते. गाणे छान वाजते, पण ऑनलाइन सभा सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. बड बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथवर बडाचा मायक्रोफोन चालू झाला, की येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही आवाज एकाच अरुंद वाटेने न्यावे लागतात, मग वरचे स्वर गळतात. सभेत मोबाईलचाच मायक्रोफोन निवडता आला, तर ऐकणे पुष्कळ सुधारते. बोलण्यासाठीच बड घ्यायचा असेल, तर दुकानातून घरी एक फोन लावून पाहावा.

आता एस.टी.तल्या ऐकण्याविषयी. इंजिनाची घरघर कान भरून टाकते, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि वाढवलेला आवाज उतरल्यावर कमी करायला विसरतो. काही बड गोंगाट मारणारे असतात. बाहेरचा आवाज टिपून त्याच्या नेमकी उलट लहर ते कानात सोडतात. पाऊल ल्यूग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले होते. घरघरीवर ही युक्ती चांगली चालते, शेजारच्या गप्पांवर बेताची. पण तिचा खरा फायदा असा, की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलपर्यंत. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे पाच. आंतरकर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात, आणि माणसात त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने आधी जातात त्या वरच्या स्वरांच्या. स, श, फ, थ हे वर्ण आपण त्याच स्वरांवर ओळखतो. मागच्या बाकावरचा मुलगा ‘फळा’ऐवजी ‘मळा’ लिहू लागला, तर त्याला दटावण्याआधी त्याच्या ऐकण्याची चौकशी करावी.

म्हणून तुलनेची शेवटची फेरी मी हळू आवाजात घ्यायला सांगतो. दोन्ही जोड्या सारख्या करून पट्टी निम्म्याच्याही खाली आणावी आणि गाणे सोडून एखादे भाषण लावावे. ज्या जोडीवर शब्द न शब्द सुटा कळतो, ती घरी न्यावी, मग दुसरी कितीही दणकत असो.

वर्षा-दोन वर्षांनी एका बाजूचा आवाज बसला, तर लगेच नवी जोडी घेऊ नका. रबर काढून आतली बारीक जाळी उजेडात पाहा. बहुधा कानातला मळ तिथे बसलेला असतो. बड उलटा, जाळी खाली करून धरावा आणि मऊ, कोरड्या ब्रशने हलके झाडावे. पाणी किंवा टाचणी लावू नये.