तळाशी उरणारे तेल
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक झालेले शिक्षक. रसायनशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्या घरात लोणी कढते त्या घराला हा विषय परका नाही. तूप गाळून घेतल्यावर बुडाशी बेरी राहते. ती कोणी टाकीत नाही, साखर घालून मुलांच्या हातावर ठेवतात. खनिज तेलाचेही तसेच आहे. तापवून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघाले, तरी तळाशी डांबरासारखा साका उरतो.

हा साका अधिक तापविला तर त्याचे रेणूच तुटतात. हलक्या भागाबरोबर हायड्रोजन जातो व त्याची इंधने होतात. मागे उरतो तो बहुतांशी कार्बन, म्हणजे कोक. तो भट्टीच्या नळ्यांतच धरला तर नळ्या बुजतील. म्हणून साका इतक्या वेगाने नेतात की सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापूनही कोक धरण्यास तेथे सवड मिळत नाही. तो पुढील उंच पिंपांत धरतो. पिंपे जोडीने असतात. एक भरत असता दुसरे थंड करून, पाण्याच्या प्रचंड झोताने आतील कोक कापून काढतात. पाण्याने दगड कापावा अशी ही करामत आम्हांस फार आवडते!

बेरीचा दृष्टांत मात्र येथे संपतो. साक्यातील गंधक नाहीसे होत नाही; काही वायूबरोबर जाते, उरलेले कोकमध्ये बसते. गुवाहाटीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६२ साली सुरू झाला. आसामच्या तेलात गंधक थोडे, म्हणून तिकडचा कोक भाजून ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत विद्युदग्रांसाठी वापरता येतो. पश्चिम आशियातील गंधकयुक्त जड तेलाचा कोक बहुधा स्वस्त इंधन म्हणून जळतो, आणि ज्याने आयुष्यात पेट्रोल विकत घेतले नाही त्याच्याही छातीत त्याचा धूर शिरतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेशात हा कोक जाळण्यास बंदी केली. डिसेंबरात सिमेंटच्या भट्ट्यांना सूट मिळाली. आमच्या मते ती योग्यच होती, कारण तेथील चुना बरेचसे गंधक बांधून घेतो. साध्या बॉयलरमध्ये असा चुना नसतो. आपल्यापैकी ज्यांचे लहान कारखाने आहेत त्यांनी, कोणी हा कोक स्वस्त म्हणून देऊ केल्यास, भावाआधी गंधकाचा आकडा विचारावा, एवढी आमची विनंती आहे.