पाणी, वस्ती आणि आपला शब्द
(इचिकावा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या इचिकावा नगरीत एकत्र जमलो आहोत, तिच्या पश्चिमेस एदो नदी वाहते. पलीकडच्या तीरावर टोकियोचा एदोगावा विभाग आहे आणि खाली, समुद्राच्या काठी, उरायासू आहे. याच पाण्याच्या काठी आपली मुले वाढत आहेत. म्हणून या पाण्याचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे.

१९५८ च्या वसंतात पलीकडच्या तीरावरील होन्शू पेपर कंपनीच्या कारखान्याने कागदाचा लगदा तयार करण्याची नवी यंत्रणा सुरू केली. तिचे काळे सांडपाणी नदीत सोडले जाऊ लागले आणि नदीच्या मुखाशी मासळी व शिंपले मरू लागले. उरायासू हे त्या काळी मच्छीमारांचे गाव होते. समुद्र हेच त्यांचे शेत. त्यांनी कारखान्याकडे तक्रार केली, टोकियोच्या प्रशासनाकडे दाद मागितली. परंतु प्रश्न सुटला नाही. अखेर १० जून १९५८ रोजी त्यांनी संसदेवर जाऊन निवेदन दिले आणि परतताना सुमारे सातशे मच्छीमार कारखान्यात शिरले. पोलिसांशी झालेल्या संघर्षात शंभराहून अधिक माणसे जखमी झाली, काहींना अटक झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या संसदेने पाण्याची शुद्धता व कारखान्यांचे सांडपाणी यांविषयी दोन कायदे संमत केले. जे निवेदनांनी झाले नव्हते, ते पाण्याकाठच्या सामान्य माणसांच्या उठावाने झाले. परंतु कायदा झाला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. हे कायदे केवळ सरकारने निश्चित केलेल्या जलक्षेत्रांनाच लागू होत. क्यूशू बेटावरील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषाने जडलेल्या व्याधीची अधिकृत नोंद १९५६ मध्येच झाली होती. तरीही तेथील समुद्र या कायद्याच्या कक्षेत आला तो १९६९ मध्ये, म्हणजे विषारी पाणी सोडणारे उत्पादन १९६८ मध्ये बंद झाल्यानंतर! ज्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचला, त्यांच्यासाठी कायदा धावला. दूरच्या गरीब कोळ्यांसाठी तो कागदावरच राहिला.

बंधू-भगिनींनो, कागदावरचा कायदा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हाच त्या ठरावाला अर्थ आला. त्या दिवशी आपल्या लोकांवर हल्ला झाला; पण बाबासाहेबांनी समाजाला शांत ठेवले आणि पुढे न्यायालयात दहा वर्षे झुंज देऊन १९३७ मध्ये हक्क सिद्ध केला. धैर्यासोबत संयम, आणि संयमासोबत चिकाटी ही महाडची शिकवण आहे.

हाच चिकाटीचा मार्ग इचिकावाच्या किनाऱ्यावरही दिसतो. सांबानझे हा येथील उथळ, चिखलाचा समुद्रकिनारा पक्ष्यांचे व शिंपल्यांचे माहेरघर. तेथे ७४० हेक्टर समुद्र बुजविण्याची चिबा प्रांताची योजना होती. लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १९९९ मध्ये ती १०१ हेक्टरांवर आली आणि ती रद्द करण्याचे आश्वासन देऊन २००१ मध्ये निवडून आलेल्या गव्हर्नर दोमोतो आकिको यांनी ती मागे घेतली. येथे ना दगड उचलला गेला, ना रक्त सांडले.

आता प्रश्न आपला. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जपानी नागरिकत्व नाही, त्यांना येथे मताचा अधिकार नाही. म्हणून उद्या आपल्या वस्तीशेजारी कचरा जाळण्याची भट्टी वा रासायनिक कारखाना येऊ घातला, तर 'आपण पाहुणे, आपण काय बोलावे' असे म्हणून आपण गप्प बसणार काय? जपानच्या संविधानाचे सोळावे कलम शांततेने निवेदन करण्याचा अधिकार नागरिकालाच नव्हे, तर 'प्रत्येक व्यक्तीला' देते. आणि निवेदन केल्याबद्दल कोणाशीही भेदभाव होणार नाही, अशी हमीही देते. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांविषयी १९९७ मध्ये झालेल्या कायद्यानुसार कोणीही लेखी मत नोंदवू शकतो. मत नाही, पण शब्द आहे!

हा शब्द वापरावयाचा तर पूर्वतयारी हवी. नगरपालिकेची सूचनापत्रके केराच्या टोपलीत टाकू नयेत. आपली मुले जपानी उत्तम वाचतात. त्यांच्याकडून ती वाचून घ्यावीत. रहिवाशांच्या सभांना जावे, शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून प्रश्न विचारावेत. आपल्या वस्तीतून हाकललेला धूर दुसऱ्या दुर्बळ वस्तीवर लोटला जाणार नाही, हेही पाहावे. कारण गावकुसाबाहेर काय टाकले जाते, याची आठवण आपल्याइतकी कोणाला असणार?

शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हा मंत्र मातृभूमीपुरता मर्यादित नाही. ज्या मातीने आपल्याला आसरा दिला, तिच्या पाण्याची राखण करणे हेही आपले कर्तव्य होय. ते आपण निष्ठेने पार पाडू, एवढी अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!