इच्छेचे रसायन आणि व्यसनमुक्ती



आपल्या येरवड्यात १९८६ साली डॉ. सुनंदा तथा अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा एकच प्रश्न असतो : सर्वनाश डोळ्यांना दिसत असूनही हा माणूस व्यसन का सोडत नाही?

'मनोबल नाही' हे उत्तर अपुरे आहे. १९५४ साली ओल्ड्स व मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या एका भागाला विजेचा सौम्य स्पर्श घडविणारी कळ उंदरांच्याच स्वाधीन केली. ते ती कळ पुनःपुन्हा दाबत राहिले. प्रेरणेच्या या मार्गावर डोपामिन नावाचे रसायन कार्य करते, हे पुढे उमगले. त्यास सुखाचे रसायन म्हटले गेले. परंतु वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत, फळांचा रस मिळण्याची खूण माकडांना ओळखू येऊ लागल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उद्दीपित होत. डोपामिन हे तृप्तीपेक्षा ओढीचे रसायन आहे.

म्हणूनच व्यसनी माणूस सांगतो, "आता त्यात आनंद नाही, पण राहवत नाही." कृत्रिम उद्दीपनाच्या सवयीने मेंदूची ग्रहणशक्ती मंदावते, मुलांचे बोलणे, घरचे जेवण त्याला नीरस वाटू लागते. व्यसन सुटल्यावर ही शक्ती हळूहळू परतते, मात्र खुणा मेंदूत टिकून राहतात. पगाराचा दिवस, जुना मित्र, ओळखीचा नाका दिसताच ओढ जागी होते. त्यामुळेच मुक्तांगणमधील ३५ दिवसांच्या निवासी उपचारांनंतरही पाठपुरावा आवश्यक ठरतो.

रसायनाचे हे ज्ञान माणसाला जबाबदारीतून मुक्त करीत नाही; आपल्याला मात्र तिरस्कारातून मुक्त करते. समाजात प्रतिष्ठेपायी व्यसन लपविले जाते, 'लग्न झाले की सुधारेल' असे म्हणून एका निरपराध मुलीच्या आयुष्याचा जुगार खेळला जातो. विवाह हा व्यसनावरील उपचार नव्हे. तसेच दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याचे मद्य घरीच एकाएकी बंद करणे जीवावर बेतू शकते. त्यासाठी वैद्यकीय देखरेख हवी.

मधुमेहाच्या रुग्णाला आपण निःसंकोच डॉक्टरांकडे नेतो. तोच निःसंकोचपणा येथेही दाखवावा, एवढीच आपणास नम्र विनंती.