एका फाइलची बाजू



काल याच व्यासपीठावर संतवाङ्मय झालं, उद्या मधुमेह आहे. मधल्या दिवशी मी. पत्रिकेत माझा विषय ‘पायथनमधल्या साध्या वेब एपीआयची माहिती-साठवण आणि तिची सुधारणा’ असा छापलाय. चिटणीस म्हणाले, शीर्षक फार जड होतंय. म्हटलं, असू द्या, शीर्षक जड असलं की शेवटी प्रश्न कमी येतात. (हशा)

एपीआय म्हणजे काय, फ्लास्क आणि फास्टएपीआय काय करतात, हे मी सांगत बसत नाही. मागच्या रांगांतल्या मुलांचा तो रोजचा उद्योग आहे. पुढच्या रांगांतल्या ज्येष्ठांनी एवढंच धरून चालावं की फोनवरून विचारणा जाते आणि कुठल्यातरी संगणकावरचा छोटा प्रोग्राम तिला उत्तर देतो. त्या प्रोग्रामनं आपली माहिती ठेवायची कुठे, हा आजचा प्रश्न. उदाहरणाला वाचनालय घेऊ: सभासद, पुस्तकं, देवघेव. तीन भाग करणार आहे. साठवण, मग पुढे वाढताना तक्ते कसे बदलायचे ते, आणि शेवटी बॅकअप.

पहिली एपीआय सगळे सारखीच लिहितात. पुस्तकांची यादी प्रोग्रामच्या पोटातच, म्हणजे मेमरीत. फ्लास्क डिबगमध्ये चालवलं असेल तर कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केलं की सर्व्हर आपोआप नव्यानं सुरू होतो आणि सकाळपासून भरलेली पुस्तकं गायब. हे निदान लगेच कळतं. खरी गंमत प्रोग्राम खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर. तिथे गनिकॉर्नसारखं काहीतरी असतं आणि ते त्याच प्रोग्रामच्या चार प्रक्रिया चालवतं. चौघींची मेमरी वेगळी. एकाच वहीच्या चार झेरॉक्स काढून चार टेबलांवर ठेवाव्यात, तशी. नवं पुस्तक पहिल्या टेबलावर नोंदलं. शोधायला गेलात तर विचारणा तिसऱ्या टेबलावर, तिथे उत्तर ‘असं पुस्तक नाही’. पान पुन्हा उघडलं की पुस्तक हजर. मुलं रात्र रात्र जागतात, नेटवर्कला दोष देतात, ब्राउझरचं कॅश पुसतात. नेटवर्कचा काही संबंध नसतो.

मग कोणीतरी शहाणा सुचवतो, जेसन फाइलमध्ये लिही. यादी फाइलमध्ये ओतायची, लागली की वाचायची. माझा खरा राग या पायरीवर आहे, कारण ती सुधारणा वाटते. पायथनमध्ये फाइल ‘डब्ल्यू’ लावून उघडली की पहिलं काम काय होतं? फाइल रिकामी होते. नवं लिहिणं त्यानंतर. म्हणजे अकराशे पुस्तकांच्या यादीत एक वाढवायचं तर आधी अकराशे पुसायची आणि अकराशे एक लिहायची. मध्येच वीज गेली तर? (हशा) आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही, म्हणून हसताय तुम्ही. त्यावर उपाय आहे: शेजारी तात्पुरती फाइल लिहायची आणि ‘ओएस डॉट रिप्लेस’नं एका झटक्यात जुनीच्या जागी ठेवायची. तो केला तरी दुसरं दुखणं उरतंच. दोन विचारण्या एकाच क्षणी आल्या, दोघींनी जुनी यादी वाचली, दोघींनी आपापलं पुस्तक जोडलं, दोघींनी लिहिलं. शेवटी जी लिहील तिचंच राहतं. पहिलीची नोंद गेली आणि कुठेही त्रुटीचा संदेश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. दोन्ही सभासदांना ‘यशस्वी’ असंच उत्तर गेलेलं असतं.

आता मुलं म्हणतात, मग पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर बसवतो. किंवा क्लाउडवर काहीतरी घेतो. थांबा म्हणतो मी. एका बोटीची गोष्ट ऐका.

साल २०००च्या आसपासचं. अमेरिकी नौदलाची ऑस्कर ऑस्टिन नावाची विनाशिका. तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला जात होता: बोटीला मार बसला, नळ फुटले, तर कुठल्या झडपा बंद करायच्या आणि कुठल्या उघडायच्या हे सांगणारा. लिहिणारे रिचर्ड हिप, कंत्राटावर. माहिती इन्फॉर्मिक्स नावाच्या मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर. तो सर्व्हर मधूनमधून बंद पडायचा, आणि पडला की हिप यांच्या प्रोग्रामच्या पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश. दोष सर्व्हरचा, पण संदेश ज्याच्या पडद्यावर, बोलणी त्यालाच. हिप यांना वाटलं, माझ्या प्रोग्रामला फक्त वाचायचंय, झडपांची माहिती तिथेच डिस्कवर पडलीय, मग मध्ये हा सर्व्हर कशाला? थेट फाइलमधून का वाचू नये? त्यातून एसक्यूलाइट जन्मलं. पहिली आवृत्ती ऑगस्ट २०००मध्ये आली. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, कॉन्फिगरेशन नाही. एक ग्रंथालय, म्हणजे कोडचं ग्रंथालय, आणि डिस्कवर एक फाइल. मालकी हक्कही सोडून दिला, पब्लिक डोमेन. आज या सभागृहातल्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ते आहे, अँड्रॉइड असो वा आयफोन. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं डेटा जतन करायला शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश आहे. आणि पायथनबरोबर ते २००६पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून, फुकट येतं. वेगळं काही उतरवून घ्यायला नको. घरात असलेली वस्तू सोडून बाजारात कशाला जायचं, हा माझा साधा सवाल आहे.

पण नुसती फाइलच्या जागी फाइल ठेवायची असती तर मी इथवर आलो नसतो. मुद्दा असा की इथे नियम माहितीबरोबर राहतात. वाचनालयाचं बघा. ‘ययाति’ची एक प्रत आहे. दोन सभासदांनी एकाच क्षणी मागितली. तुमचं पायथन दोघांसाठी तपासतं: प्रत आत आहे का? आहे. दोघांना देतं. आता ही ओळ ऐका, मी मोठ्यानं वाचतो: ‘क्रिएट युनिक इंडेक्स एक_प्रत_एकाला ऑन देवघेव, कंसात प्रत, व्हेअर परत_तारीख इज नल.’ म्हणजे ज्या नोंदींत परतीची तारीख रिकामी आहे, तेवढ्यांत एक प्रत एकदाच येऊ शकते. परत आलेल्या नोंदी कितीही असोत, त्यांना हा नियम लागत नाही. अशा अर्धवट इंडेक्सची सोय एसक्यूलाइटमध्ये २०१३पासून आहे. दुसऱ्या सभासदाची नोंद आता डेटाबेसच नाकारतो, पायथनला ‘इंटिग्रिटी एरर’ मिळते, तुम्ही ती पकडून ४०९ हे उत्तर पाठवता. उद्या कोणी नवं ॲप लिहिलं, परवा चिटणिसांच्या भाच्यानं थेट फाइल उघडून नोंदी घातल्या, (हशा) तरी हा नियम हलत नाही. पायथनमधली तपासणी एकाच दारावर असते. या नियमाला दारं मोजावी लागत नाहीत.

ओघात आलंय म्हणून सांगतो: प्रश्न विचारताना सभासदाचं नाव एसक्यूएलच्या वाक्यात एफ-स्ट्रिंगनं चिकटवू नका. प्रश्नचिन्ह ठेवा, नाव वेगळं द्या. चोरांची गोष्ट सोडा. वसईच्या डिमेलोंनी नाव इंग्रजीत लिहिलं, ‘डी’च्या पुढे अपॉस्ट्रॉफी आली, की तुमचं वाक्य तिथेच तुटतं. भल्या माणसाला सभासद होता येत नाही.

हात वर झालाय. बोला. ...‘एका वेळी एकच जण लिहू शकतो ना?’ हो. बरोबर आहे. हे मला दर वेळी विचारतात आणि दर वेळी असं विचारतात, जणू मी ते लपवून ठेवलंय. (हशा) एका वेळी एक लेखक. पण एक नोंद लिहायचा वेळ मिलिसेकंदांत मोजायचा असतो, आणि पायथनची जोडणी फाइल कुलूपबंद दिसली तर आपण होऊन पाच सेकंद वाट बघते. ‘जर्नल मोड’ बदलून ‘वॉल’ करा, २०१०पासून ती सोय आहे. मग लिहिणाऱ्यामुळे वाचणारे अडत नाहीत. एसक्यूलाइटचं स्वतःचं संकेतस्थळ एसक्यूलाइटवर चालतं, त्यांच्या २०१५च्या सांगण्यानुसार दिवसाला चार-पाच लाख विनंत्या. आपल्या वाचनालयात गर्दी वाढून तिथवर पोचली तर मी स्वखर्चानं पोस्टग्रेस बसवून देईन. (टाळ्या) आणखी दोष मीच सांगतो, म्हणजे बाहेर कोणी म्हणायला नको. परकीय कळीचे नियम मुळात बंद असतात. प्रत्येक जोडणी उघडली की ‘प्राग्मा फॉरेन कीज ऑन’ म्हणावं लागतं, नाहीतर नसलेल्या सभासदालाही पुस्तक दिलं जातं. आकड्याच्या स्तंभात ‘उद्या’ हा शब्द घातला तरी ते निमूट ठेवून घेतं. तक्ता करताना ‘स्ट्रिक्ट’ लिहिलं तर नाही घेत, पण ते २०२१पासूनच. कंटेनरमध्ये चालवत असाल तर फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवा, नाहीतर कंटेनर बदलला की वाचनालय कोरं. दोन वेगळ्या यंत्रांवरून एकाच फाइलीत लिहायचं असेल तर मात्र हा गडी नको. तिथे सर्व्हरच घ्या. झालं समाधान?

आता मराठी माणसाचा प्रश्न, ज्याच्यावर मी खरं तर दोन मिनिटं बोलणार होतो. जेसन फाइल मराठीतून लिहिली असेल तर तुम्ही बघितलं असेल, उघडली की एकही अक्षर वाचता येत नाही. पायथन मुळात प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी उलटी रेघ आणि सांकेतिक आकडा लिहितं. माहिती शाबूत असते, माणसाला मात्र वाचता येत नाही. ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स करा, झालं. एसक्यूलाइटमध्ये ही भानगडच नाही. पण दुसरी आहे. सभासदाच्या गावाचं नाव कऱ्हाड. यातला ऱ... (मागून: ‘कराड!’) कराड म्हणा, पण मग माझं उदाहरण जातं. (मोठा हशा) आणि समजा तुम्ही कराड लिहिलं आणि तुमच्या काकांनी कऱ्हाड, तर ती दोन गावं झाली, तो भाग वेगळाच. मी म्हणतोय ते याहून वाईट आहे. तिघांनी कऱ्हाडच लिहिलं, डोळ्यांना तिन्ही तंतोतंत सारखं दिसतं, तरी डेटाबेसला ती तीन गावं. पहिल्यानं ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं. दुसऱ्याच्या कळफलकानं साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे घातले. तिसऱ्यानं र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. छापल्यावर तोच अर्धा र. बाइट्स मोजा: हलन्तासकट पहिल्याचे सहा, दुसऱ्याचे नऊ, तिसऱ्याचेही नऊ, पण वेगळे नऊ. माझा लाडका ‘युनिक’ नियम बाइट्स बघतो, त्याला कऱ्हाड दिसत नाही. एकच वऱ्हाडकर तीनदा सभासद होतात आणि तिन्ही कार्डांवर पुस्तकं नेतात. (हशा. मागून: ‘वऱ्हाडकरच का?’) कऱ्हाडकर न्या, माझी हरकत नाही. यात जिल्ह्यांचा अपमान करायचा हेतू नाही, अध्यक्षमहाशय, कृपया नोंद घ्यावी. आणि वर्णक्रमाबद्दल विचारूच नका. संगणकाच्या क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो. आपण वर्णमाला म्हणताना तो ह च्या नंतर येतो. यादी छापलीत की एखादे निवृत्त मुख्याध्यापक येणारच.

पण ऱ कडे परत येतो. तुम्ही म्हणाल, बघा, नियम तक्त्यात असून उपयोग झाला नाही. झाला. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ आहे, त्याचं ‘एनएफसी’ रूप दुसऱ्या प्रकाराला पहिल्यात आणतं. तिसऱ्याला आणत नाही. तो अदलाबदलीची एक ओळ लिहून हातानंच बदलावा लागतो. आणि हे कोणी विसरलं तर? तर तक्त्यात ‘चेक’ लिहा: ‘इन्स्ट्र, नाव, चार २३५२, २३६४, बरोबर शून्य.’ म्हणजे र आणि नुक्ता ही जोडी नावात सापडता कामा नये. तिसऱ्यासाठी तसंच, २३५२, २३८१, ८२०५. गावाच्या स्तंभालाही हेच. आता सफाई विसरलेला प्रोग्राम नोंद घालायला गेला की डेटाबेस त्याला परत पाठवतो. सफाई पायथन करो, पण पहारा तक्त्याचाच. हेच मी मघापासून—

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ पाठोपाठ दुसरी, ‘सभागृह नऊला रिकामं करायचं आहे.’ आत्ता घड्याळात काय झालंय ते मी बघत नाही. तक्ते बदलण्याचा भाग पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. एवढंच करा, प्रत्येक बदल क्रमांक घातलेल्या वेगळ्या फाइलीत लिहा आणि डेटाबेस कुठल्या क्रमांकावर आहे ते त्याच्याच ‘युजर व्हर्जन’मध्ये ठेवा. बॅकअप मात्र सांगितल्याशिवाय उतरणार नाही. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. ‘वॉल’मध्ये शेवटच्या काही नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असू शकतात, मूळ फाइल तेवढी उचललीत तर त्या राहून गेल्या. पायथनच्या जोडणीवर ‘बॅकअप’ ही सोय ३.७पासून आहे, नाहीतर ‘व्हॅक्यूम इन्टू’. रोज रात्री चालवा, प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून देवघेवीच्या नोंदी मोजून बघा. आकडा जुळला तरच तो बॅकअप.

हो, हो, उतरतोय. तो इंडेक्स आणि दोन्ही चेकच्या ओळी कागदावर छापून आणल्यात, चिटणिसांकडे आहेत. प्रती थोड्या आहेत, मुलांना आधी द्या.