देवी गेल्या, त्या कशा?



शहापूर आणि मुरबाडच्या गावांत वडीलधाऱ्या मंडळींच्या हातावर देवी काढल्याचे वाटोळे वण आजही दिसतात. नातवंडांच्या हातावर ते नाहीत. कारण तो रोगच पृथ्वीवर उरलेला नाही.

देवीला आळा घालण्याचे प्रयत्न या भूमीत जुने आहेत. बंगालमधील टीकादार रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या त्वचेत घालीत. हॉलवेल या इंग्रज शल्यवैद्याने १७६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र त्यातून खरी देवीच येई आणि ती इतरांनाही लागू शके. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गायींना होणाऱ्या सौम्य देवीपासून निर्धोक मार्ग काढला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. भारतातील ती पहिली यशस्वी टोचणी.

लस १८०२ मध्ये आली आणि रोग १९७५ मध्ये गेला. मध्ये पावणेदोनशे वर्षे का जावी लागली? पातळ लस उन्हाळ्यात नासत असे, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. किती जणांना टोचले याची मोजदाद होई. कोण राहिले, याचा शोध होत नसे. १९७४ मध्ये, राष्ट्रीय मोहीम सुरू होऊन बारा वर्षे लोटल्यावरही, देशात सुमारे १ लक्ष ८८ हजार रुग्ण आढळले आणि ३१ हजारांवर माणसे दगावली.

उष्णतेत टिकणारी कोरडी लस आणि दुतोंडी सुई तोवर हाती आली होती. त्यांना जोड मिळाली शोधाची. रुग्ण बालकाचे चित्र दाखवीत आरोग्यसेवक घरोघर, शाळांत, बाजारांत विचारपूस करीत हिंडले. रुग्ण सापडताच त्याच्या भोवतीच्या सर्वांना टोचून रोगाची वाट अडवली जाई. देवीचा विषाणू माणसाखेरीज कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नाही. म्हणून वाट अडताच तो संपला. मे १९७५ मध्ये भारतातील, तर ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात निसर्गतः झालेला जगातील शेवटचा रुग्ण आढळला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे उच्चाटन जाहीर केले.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत आणि शेजारच्या भिवंडीत गोवराने बालके दगावली. गोवर अंगावर पुरळ उठण्यापूर्वीच पसरू लागतो. रुग्ण सापडल्यावर धावणे इथे पुरत नाही. नऊ महिने पूर्ण होताच पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी मात्रा मिळालीच पाहिजे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे पाडे सोडून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर लसीकरणाचा दिवस येतो, तेव्हा झोपडीला कुलूप असते. भट्टीवरच्या यादीत बाळाचे नाव नसते. दोन्हीकडे काम पूर्ण झाल्याची नोंद होते आणि बाळ तेवढे राहून जाते.

अशा बाळाचे नाव आशाताईंपर्यंत पोहोचवणे, भट्टीमालकाशी बोलून सत्राचा दिवस ठरवणे, आईजवळचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवायला सांगणे, या कामांना डॉक्टर लागत नाही. नित्य संपर्क ठेवणारा कार्यकर्ता लागतो. रोगाला राहिलेले घर बरोबर सापडते. ते त्याच्या आधी माणसाला सापडले पाहिजे.