लेखकाला कल्याणमित्र हवा
(वर्षावास व्याख्यानमालेत बदनापूर येथे दिलेले भाषण)



वर्षावासात आपण विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो. तेव्हा आजचा आमचा विषय ऐकून काहींना वाटेल, की धम्माच्या व्यासपीठावर कादंबरी आणि संपादक कशाला? परंतु हा विषय आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. आज आपल्या तालुक्यातल्या बहुतेक प्रत्येक वस्तीत एखादा तरी लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आहे. कविता तर आहेतच. आता दोनशे पानी वह्या भरून कादंबऱ्याही लिहिल्या जात आहेत. ही अभिमानाची बाब आहे. पण या वह्यांचे पुढे काय होते? काही पेटीत पडून राहतात. काहींचे पुस्तक होते ते पदरचे पैसे भरून. प्रकाशन होते, हार घातले जातात, फोटो निघतात, आणि पुस्तकांचे गठ्ठे खाटेखाली जातात. यात एक पायरी कायमची सुटलेली असते. छापण्यापूर्वी ते लेखन लेखकाखेरीज कोणी नीट वाचलेलेच नसते!

ही सुटलेली पायरी म्हणजे संपादक. संपादक म्हणजे मुद्रितशोधक नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ तपासणे हे मुद्रितशोधकाचे काम, आणि तेही महत्त्वाचेच आहे. परंतु कादंबरीचा संपादक म्हणजे लेखकाच्या शेजारी बसून ‘हे असे का?’ असे विचारणारा माणूस. आपल्या भाषेत त्याला कल्याणमित्र म्हणता येईल.

ही कल्पना परकी आहे असे कोणी समजू नये. वर्षावासाची सांगता ज्या विधीने होते, त्या पवारणेचा अर्थ काय? तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू त्या दिवशी संघासमोर येतात. माझ्या हातून काही चुकल्याचे कोणी पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर अनुकंपेने सांगावे, मी सुधारणा करीन, अशी विनंती प्रत्येक जण करतो. स्वतः तथागतांनीही भिक्खूंना असे विचारल्याचे सुत्तात आहे. ज्यांच्यात दोष शोधूनही सापडला नसता, ते सुद्धा विचारतात! येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. दोष दाखवण्याची विनंती ज्याची त्याने करायची असते, आणि दोष दाखवणाऱ्याने तो अनुकंपेने दाखवायचा असतो. लेखक आणि संपादक यांचे नाते याच दोन गोष्टींवर उभे असते.

पहिल्या संगीतीचेही तसेच. राजगृहात महाकाश्यप प्रश्न विचारीत होते, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि संघाने तो एकमुखाने म्हटला. आनंदांची स्मरणशक्ती थोर होती. तरीही प्रत्येक उपदेश कोठे दिला, कोणाला उद्देशून दिला, हे त्यांना विचारण्यात आले. विचारल्याने आनंदांचा मान कमी झाला नाही, उलट धम्म टिकला.

आता आपल्या बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्यापेक्षा मोठा लेखक आपल्यात कोण? रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना तो झोंबला. निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलावी, असे त्यांना सांगण्यात आल्याचे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. बाबासाहेबांनी मुंबईहून तो पुन्हा तयार करून पाठवला आणि १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना होती प्रा. एडविन कॅनन यांची. बाबासाहेबांची बरीच मते आपल्याला मान्य नाहीत, असे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच सांगितले, आणि तरीही ग्रंथाचे मोल ओळखले. बंधूंनो, हा फार मोठा धडा आहे. चांगल्या वाचकाने लेखकाशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. लेखकाचे म्हणणे अधिक भक्कमपणे उभे राहावे एवढेच त्याने पाहायचे. आणि लेखकानेही मांडणी बदलावी, निष्कर्ष सोडू नये.

धम्मग्रंथाच्या बाबतीतही बाबासाहेबांनी हीच काळजी घेतली. १९५१ मध्ये त्यांनी त्याच्या पहिल्या स्वरूपाच्या फक्त पन्नास प्रती खासगी वितरणासाठी काढल्या. त्यानंतरही ते त्यावर काम करीतच राहिले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. बाबासाहेबांना पन्नास प्रती आधी काढाव्याशा वाटल्या, आणि आपण पहिला खर्डा थेट छापखान्यात पाठवतो!

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. तरुण मुले म्हणतात, ‘पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तोंडाला कुलूप होते. आता कुठे बोलू लागलो, तर पुन्हा कोणाची तरी कात्री?’ हा राग अनुभवातून आलेला आहे. मौज प्रकाशनाच्या ‘सत्यकथा’ मासिकाचे उदाहरण घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे मराठीतले नामवंत संपादक. एकेका कथेवर लेखकाशी पत्रव्यवहार करायचा, पुनर्लेखन करवून घ्यायचे, ही त्यांची रीत. त्यातून अनेक लेखक घडले. पण त्याच मासिकाचा अंक १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी जाळला. त्यात आपले राजा ढाले आघाडीवर होते. एका विशिष्ट अभिरुचीच्या दाराबाहेर बाकीचे जीवन राहते, ही त्यांची तक्रार होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. संपादन लेखकाला घडवते, आणि संपादक एकाच वर्तुळातले असले तर दारही बंद होते.

यावर आपल्या लोकांनी काय केले? संपादकाशिवाय जगायचे ठरवले का? नाही, आपले संपादक तयार केले. हे घडले येथून जवळच, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक जन्माला आले. डॉ. गंगाधर पानतावणे सरांनी ते १९६७-६८ पासून पुढे अनेक दशके चालवले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून आलेले हस्तलिखित त्यांनी वाचले, लिहिणाऱ्याला हुरूप दिला, गावोगावी लेखक-वाचक मेळावे घेतले. सर २०१८ साली गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. परंतु आमच्या मते त्यांचा खरा सन्मान म्हणजे ‘अस्मितादर्श’मध्ये पहिल्यांदा आपले नाव छापलेले पाहणारे ते शेकडो हात.

आणखी एक उदाहरण खास आमच्या भगिनींसाठी. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता कागदावर लिहीत होत्या, तेही घरातल्यांच्या नजरेआड, वर्षानुवर्षे. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाची माहिती झाली. त्यांनी ते वाचले, त्याचे मोल ओळखले आणि प्रकाशनासाठी पाठपुरावा केला. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आज ते इंग्रजीतही वाचले जाते. विचार करा, तो एक वाचक भेटला नसता तर ते कागद कोठे गेले असते?

ही आत्मकथनाची गोष्ट झाली. कादंबरीला अशा साथीची गरज अधिकच असते. आत्मकथनात ‘मी’ आहे, जगलेला क्रम आहे. कादंबरीत सगळे उभे करावे लागते. अमेरिकेतल्या हार्पर ली या लेखिकेने १९५७ मध्ये एक हस्तलिखित प्रकाशकाकडे दिले. त्यात नायिका मोठी होऊन गावी परतते. टे होहॉफ नावाच्या संपादिकेला त्यातल्या बालपणीच्या आठवणी अधिक जिवंत वाटल्या. मग दोनेक वर्षे पुनर्लेखन चालले आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ बाहेर आली. खोट्या आरोपात अडकलेल्या एका काळ्या माणसाची हकिगत त्यात एका लहान मुलीच्या नजरेने येते. १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ हस्तलिखित २०१५ मध्ये वेगळे छापले गेले, तेव्हा दोन्हींतला फरक जगाने पाहिला. लेखिका तीच, गाव तेच. बदलले ते फक्त गोष्ट कोठून सांगायची ते.

आता आपल्या मातीतले उदाहरण कल्पून पाहू. समजा, एखाद्या मुलाने नामांतराच्या लढ्यावर चारशे पानांची कादंबरी लिहिली. नायक खेड्यातून मिलिंदला शिकायला जातो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात ठराव होतो, गावात घरे पेटतात, कुटुंब रातोरात गाव सोडते. शेवट १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराने. विषय मोठाच आहे. संपादक काय विचारील? पहिली साठ पाने घराण्याच्या वंशावळीत गेली, गोष्ट नक्की सुरू कोठे होते? सगळी पात्रे सभेत बोलल्यासारखी का बोलतात? नायकाची आई चाळिसाव्या पानानंतर कोठे गेली? सरपंच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसता दुष्ट आहे. सकाळी ‘राम राम’ घालणारा माणूस संध्याकाळी काडी कशी लावतो, हे दाखवले तर वाचक जास्त हादरणार नाही का? मधली तीस पाने वर्तमानपत्रातून उतरवलेली आहेत, त्याऐवजी त्या रात्री घरातून काय उचलले आणि काय मागे राहिले, ते का सांगत नाही? आणि जुलैअखेर शेतात ज्वारीची कापणी चालू दाखवली आहे. बदनापूरचा वाचक हसेल, तेव्हा तर मूग-कपाशी गुडघ्याएवढीही नसते! एक खोटे सापडले की वाचक बाकीच्या खऱ्यावरही शंका घेतो. आपल्या दुःखाची साक्ष अशी कच्ची राहू देणे आपल्याला परवडणारे नाही.

आम्ही बँकेत लेखनिक आहोत. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून ती मंजूर करायची, असा शिरस्ता आहे. यात नोंद करणाऱ्याचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. आपल्या गावच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले, ‘बीडीएन ७११’ तुम्ही पेरलेही असेल. ते वाण एका वाफ्यात उगवले म्हणून लगेच शेतकऱ्याला दिले नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत तपासून मगच दिले. पन्नास-शंभर रुपयांच्या नोंदीला आणि तुरीच्या दाण्याला जी तपासणी लागते, ती आपल्या आयुष्याच्या गोष्टीला नको का?

मात्र संपादकालाही मर्यादा आहेत. त्याने आपली बोली पुसू नये. आपली माय ज्या मराठवाडी बोलीत रडली, ती पुण्याच्या बोलीत रडू लागली तर ती आपली माय राहणार नाही. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आले तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले कित्येक शब्द अनोळखी होते. त्यांनी नामदेव ढसाळांकडून ते जग समजून घेतले. शब्द बदलायला सांगितले नाहीत. संपादकाने असेच असावे. न कळलेले आधी विचारावे, मग बोलावे. त्याने स्वतःची कादंबरी लेखकाच्या हातून लिहवून घेऊ नये. आणि शेवटचा शब्द नेहमी लेखकाचा असावा. उलट, जो हस्तलिखित न वाचताच वाहवा करतो आणि पुरस्काराचे आमिष दाखवून पैसे मागतो, तो संपादक नव्हे. त्याच्यापासून सावध राहावे. जो खरोखर महिना-दोन महिने डोळे फोडून वाचतो, त्याच्या कष्टाचे मोल मात्र जरूर द्यावे.

लेखकानेही काही पथ्ये पाळावीत. खर्डा पूर्ण झाला की महिनाभर बाजूला ठेवावा. मग दोघा-तिघांना वाचायला द्यावा. त्यातला एक साहित्य जाणणारा असावा, एक त्या काळातून गेलेला असावा, आणि एक आपल्या वस्तीबाहेरचा असावा. टीका ऐकताना उत्तर देऊ नये, लिहून घ्यावे. तिघांनाही एकाच जागी ठेच लागली, तर दगड तिथेच आहे असे समजावे. उपाय मात्र स्वतःच शोधावा.

शेवटी एक विनंती. १९७८ मध्ये जे विशीत होते, ते आज सत्तरीकडे आले आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात तर एकेक करून चालले आहेत. बाबुराव बागूल, अण्णा भाऊ साठे यांनी वाट करून दिली. ‘राघववेळ’साठी नामदेव कांबळे यांना १९९५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ‘सनातन’साठी शरणकुमार लिंबाळे यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. आपल्या भागाची कादंबरी अजून वह्यांतच आहे. म्हणून आम्ही सुचवतो, की येत्या आश्विन पौर्णिमेपासून दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास विहारात हस्तलिखित वाचनासाठी ठेवावा. एकाने एक प्रकरण वाचावे, बाकीच्यांनी पवारणेच्या भावनेने बोलावे. त्याला खर्च फक्त चहाचा. यातून दहा वर्षांत एक जरी टिकाऊ पुस्तक निघाले, तरी हा विहार कारणी लागला असे आम्ही समजू.



नमो बुद्धाय! जयभीम!